म्हातारा, डाव्या हाताला

स्काटवीक, ९ जून २०१६

प्रिय ओशिल्ड,

तुझं मे महिन्यातलं पत्र पोचलं. जहाजावर मोबाइल काढून घेतात म्हणून तू कुरकुरतेस, पण माझ्या ते पथ्यावरच पडलंय. चाळीस वर्षं बोटीच्या इंजिनाशेजारी उभं राहून माझे दोन्ही कान गेले. फोनवर तू बोललीस काय आणि भिंत बोलली काय, मला सारखंच. कागदावर मात्र तू मला अजून नीट ऐकू येतेस.

सुकवलेला कॉड मासा दांड्यांवरून उतरवून झाला. माल बरा आहे. समुद्रपक्ष्यांची अंडी या वर्षी कमी मिळाली आणि मिळाली त्यातली दोन मांजराने फोडली. ते मांजर तुझ्या आईने माझ्या गळ्यात मारलेलं आहे, हे तिला आठवणीने कळव.

आता खरी बातमी. रविवारी सकाळी आपल्या खाडीत तीन देवमासे किनाऱ्याला लागले. चोचवाले. दोन माद्या मेलेल्याच होत्या. तिसरा जुना नर, कपाळ पुढे आलेलं आणि पांढरंफटक. तो दुपारपर्यंत जिवंत होता. मी बादलीने त्याच्या अंगावर पाणी ओतत बसलो. शेजारची मॅग्नहिल्ड म्हणाली की तो सारखा आवाज करत होता, तिला ऐकवेना म्हणून ती घरात गेली. मला काही ऐकू येत नव्हतं, म्हणून मी बसू शकलो.

जमिनीवर बसून लिहितोय म्हणून ‘देवमासा’ असं लिहितो. पाण्यावर असतो तर ‘म्हातारा’च म्हटलं असतं. आठवतं का? तू सहा वर्षांची होतीस तेव्हा बोटीत पहिला धडा हाच दिला होता. पाण्यावर पाद्र्याला ‘काळा डगला’ म्हणायचं, मांजराला ‘नखरेल’ म्हणायचं आणि देवमाशाला ‘म्हातारा’. नाव घेतलं की तो येतो आणि बोट उलथवतो. तू द्वाड, मुद्दाम तीनदा नाव घेतलंस. मी एक थोबाडीत ठेवून दिली. नंतर तुला शिळा वॅफल देऊन गप्प करावं लागलं.

मंगळवारी संशोधन संस्थेच्या एक बाई आल्या, राग्नफ्रिड नावाच्या. त्यांनी डोकी कापून कान काढून नेले. मला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्यांनी वही काढली आणि प्रश्न लिहिला, ‘शुक्रवारी इथे बाहेर नौदलाचा पाणबुडी शोधायचा सराव झाला. त्यात पाण्याखाली सोडतात त्या सोनार यंत्राच्या आवाजाने हे झालं असेल का?’ मी खाली लिहिलं, ‘माझी भाची त्याच जहाजावर टेहळणीला असते. सोनार लावायच्या आधी ते तासभर पाणी पाहतात आणि देवमासा दिसला तर थांबतात. तिला मी वाढवलंय, तिचे डोळे माझे आहेत. देवमासा असता तर तिला दिसला असता.’ बाईंनी वही मिटली.

खरं ना? दोन ओळी लिही, म्हणजे त्यांना दाखवतो.

तुझा
एलर्टमामा

•

जहाजावरून, १७ जून

प्रिय मामा,

पत्र मिळालं. घाईत लिहितेय, पाळी बदलायची वेळ झालीय.

शुक्रवारी टेहळणीला मीच होते. नियमाप्रमाणे तासभर पाणी पाहिलं. नोंदवहीत ‘काही दिसलं नाही’ असं लिहिलेलं आहे. त्या बाईंना तसं सांग.

इकडे छान चाललंय. आमच्या पाळीचा अधिकारी हालवार्द माझ्या बोलण्याची फार टिंगल करतो. तो राजधानीचा. मी ‘बरं’ म्हटलं तरी त्याला ते बकरीसारखं ऐकू येतं. पण मनाने चांगला आहे. नौदलाच्या शाळेसाठी त्याने माझ्या नावाची शिफारस केलीय. मिळाली तर मी कायमची इथली होईन. बायको बाळंत व्हायची आहे म्हणून तो सारखा लोकरीचे मोजे विणत असतो, तेही वाकडे.

देवमासे आजारी असतील, मामा. म्हातारपणानेही मरतात. तू बादल्या उपसून पाठ दुखवून घेऊ नकोस. मांजराला माझ्याकडून एक हेरिंग दे.

तुझी
ओशिल्ड

ता. क. तो नर किती वेळ जिवंत होता म्हणालास?

•

स्काटवीक, २८ जून

प्रिय ओशिल्ड,

तुझ्या पत्राचं मी सोनं केलं! परवा गावच्या सभागृहात बैठक झाली. राग्नफ्रिडबाई आल्या होत्या, तालुक्याचे लोक होते. नौदलाचा पुढचा सराव ऑक्टोबरात याच पाण्यात आहे. तो इथे होऊ द्यायचा की लांब न्यायचा, एवढाच प्रश्न. मी उभा राहिलो, तुझं पत्र वाचून दाखवलं आणि खाली सही करून दिली. आपल्या पोरीच्या शब्दावर गावाने माना डोलावल्या. मॅग्नहिल्डने माझ्या कपात न मागता दुसऱ्यांदा कॉफी ओतली, यावरून काय ते समज.

राग्नफ्रिडबाईंचं तोंड मात्र उतरलं. बैठकीनंतर त्या माझ्याकडे आल्या. वाईट वाटून मीच त्यांना बोलावलं होतं. तीन पानं भरून त्यांनी मला समजावलं. हे चोचवाले सगळ्यात भित्रे. खोल पाण्यात अंधारात ते कानांनीच पाहतात, कानांनीच खातात. सोनारचा आवाज आला की त्यांना वाटतं शत्रू आला. तोंडातला घास टाकून पळत सुटतात. खोल जातात, घाबरून भलत्याच वेगाने वर येतात, पुन्हा खाली जातात. मग रक्तात बुडबुडे होतात. आपल्या बंदरात पाणबुड्या होता ना, आर्न्युल्फ, तो घाईने वर येऊन जसा गेला तसंच. तिन्ही माशांच्या कानांत रक्त साकळलेलं सापडलं, असं बाईंनी लिहिलं. मी खाली लिहिलं, ‘माझ्या भाचीने काही पाहिलं नाही.’ त्यांनी लिहिलं, ‘तर मग मला दुसरं कारण शोधावं लागेल.’

बाई गेल्यावर मला झोप लागली नाही. तुला कधी न सांगितलेलं सांगतो. १९७० साली मी सतरा वर्षांचा होतो, शिकारीच्या बोटीवर लागलो होतो. हे चोचवाले फार चौकस असत, बोट पाहायला आपण होऊन जवळ येत. आमचा तांडेल सांगायचा, पहिल्याला भाला लावा पण मारू नका. तो जिवंत असेपर्यंत बाकीचे त्याला सोडून जात नाहीत. ते भोवती फिरत राहायचे आणि आम्ही एकेकाला टिपायचो. पहिल्याची दोरी धरून बसायचं काम माझं होतं. दोरीतून त्याचा धडधडाट हाताला कळायचा. तेव्हा माझे कानही चांगले होते.

त्या दिवशी खाडीत बादली घेऊन बसलो ते त्यापायी. वाटलं, एकाजवळ तरी शेवटपर्यंत बसावं. यात तुमच्या जहाजाचं नाव निघालं असतं तर मला सोसलं नसतं. तू तुझ्या डोळ्यांना जागलीस, बरं वाटलं.

तो सकाळी सहापासून दुपारी एकपर्यंत जिवंत होता. का विचारलंस?

एलर्टमामा

•

स्काटवीक, ३० जुलै

ओशिल्ड,

महिना झाला, पत्र नाही. मांजराला सुद्धा चार ओळी लिहायला जमल्या असत्या. दलदलीतली सोनबोरं पिकायला लागलीत, दोन बरण्या तुझ्यासाठी ठेवीन. रागावली आहेस का? शिकारीचं लिहिलं म्हणून?

मामा

•

जहाजावरून, २१ ऑगस्ट

प्रिय मामा,

मी रागावलेली नाही. तू असा विचार करत बसलास याचीच मला लाज वाटते. चार वेळा पत्र लिहिलं आणि फाडलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालंय. जेवताना कोणी ‘मासा’ म्हटलं तरी माझ्याकडे पाहतायत असं वाटतं.

मला तो दिसला होता.

तीन दिवस धुकं होतं, सराव लांबलेला, सगळे वैतागलेले. शुक्रवारी धुकं फाटलं. तास संपायला पाच मिनिटं होती. मी बाहेरच्या बाजूला उभी होते, कानाला यंत्र लावलेलं. डाव्या हाताला पाणी उडालं आणि ते पांढरं कपाळ वर आलं. मागे आणखी दोन पाठी. ते आमच्याकडेच येत होते, मामा, जहाज पाहायला. मी लगेच सांगितलं. पण माझ्या तोंडून आलं ते असं, ‘म्हातारा, डाव्या हाताला, जवळच!’

तू बोटीत शिकवलेलं. मी विचारसुद्धा केला नाही, जीभ आपोआप वळली.

तुला ठाऊक नसेल, जहाजावर ‘म्हातारा’ म्हणतात कप्तानाला. आत ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात तिथे, हालवार्दची तारांबळ उडालेली मला काचेतून दिसली. त्याने विणकाम खुर्चीखाली ढकललं, टोपी सरळ केली आणि डावीकडच्या दाराकडे तोंड करून ताठ उभा राहिला. दारातून कोणीच येईना. मग कोणीतरी म्हणालं, ‘म्हातारा तर खाली वॅफल खातोय!’ सगळे खो खो हसायला लागले. हालवार्द माझ्या कानात ओरडला, ‘ओशिल्ड, कप्तान पाण्यावरून चालत येताना दिसला का गं तुला? तुमच्या गावात धुक्याबरोबर काय पिता?’

आता तू म्हणशील, मग पोरीला नाव घ्यायची भीती वाटली असेल, मीच तिला थोबाडीत मारली होती. मीही दोन महिने स्वतःला हेच सांगत आले. तू पुढे लिहिशील की चूक तुझी. म्हणून आधीच सांगते, ते खरं नाही. नाव माझ्या जिभेवर होतं. ‘देवमासा’ म्हणायला किती वेळ लागतो? पण सगळे हसत होते, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा ते मला हसत नव्हते, माझ्याबरोबर हसत होते. मला वाटलं, ही मजा आता मोडली तर मी पुन्हा ती खेडवळ पोर होणार, जिच्यामुळे सराव आणखी एक तास लांबला. मी हसले, मामा. मोठ्याने हसले. हालवार्दने विचारलं, ‘मग लिहू ना, काही दिसलं नाही?’ आणि मी म्हणाले, ‘लिही.’

मग सोनार सुरू झालं. ते जहाजाच्या पोलादातून पायाला लागतं. पहिला आवाज गेला तेव्हा ते तिघे वर होते. दुसऱ्याला नव्हते. मी पाळी संपेपर्यंत त्याच पाण्याकडे पाहत राहिले.

आणि तू माझ्या पत्रावर सही केलीस. गावासमोर उभा राहून. काय करू, सांग. शाळेची यादी दोन आठवड्यांनी लागेल.

ओशिल्ड

•

स्काटवीक, २६ ऑगस्ट

ओशिल्ड,

रागावलो नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पत्र वाचून बोटीवर गेलो आणि दिवसभर गाठ न सुटणारी जाळी सोडवत बसलो. संध्याकाळी सगळी कापून टाकली. चांगली जाळी होती.

थोबाडीत मारली ती चूक होती, हे तू मला म्हणू दिलं नाहीस. बरं केलंस. मी तेच म्हणणार होतो, आणि तुझा गुन्हा माझ्या डोक्यावर घेऊन आपण दोघं मोकळे झालो असतो. मला तशी सवय आहे. सेहेचाळीस वर्षं मी म्हणत आलो की तांडेलाने सांगितलं म्हणून दोरी धरली. दोरी माझ्या हातात होती गं. सोडली असती तर कोणी मला समुद्रात फेकून दिलं नसतं, फार तर हसले असते.

तू जे केलंस ते हसण्यापायी केलंस. मी पण.

उद्याच्या बसने राग्नफ्रिडबाईंकडे जातो आणि माझी सही परत घेतो. तुझं नाव मी काढणार नाही. ते तुझं तू काढायचं. कप्तानासमोर जा, तो वॅफल खात नसेल तेव्हा. ऑक्टोबरात ते पुन्हा आपल्याच पाण्यात येणार, नोंदवहीतल्या त्या एका ओळीच्या जोरावर. ती ओळ तुझ्याशिवाय कोणी पुसू शकत नाही.

शाळेचं म्हणशील तर मला वाईट वाटेल. तुझ्या आईला तर फारच. पण त्यावर मी काही लिहीत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं या बाबतीत मला करायचं नाही.

सोनबोरं कुठे जात नाहीत.

मामा

•

जहाजावरून, १९ सप्टेंबर

प्रिय मामा,

सांगितलं.

यादी लागायच्या आधी सांगायचं ठरवलं होतं. आदल्या दिवशी कप्तानाच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. यादीत माझं नाव लागलं. सगळ्यांनी पाठ थोपटली. मग दुसऱ्या दिवशी गेले. हा एक दिवस मी का थांबले, ते तूही विचारू नकोस.

कप्तानाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘नेमका शब्द कोणता वापरलास?’ मी सांगितला. तो म्हणाला, ‘म्हणजे तिथे सगळे मला शोधत होते.’ मग म्हणाला, ‘त्या वेळी कोणी मला खाली येऊन विचारलं असतं तरी चाललं असतं.’ आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

नोंदवही दुरुस्त झाली. ऑक्टोबरचा सराव आपल्या पाण्यातून हलवला, साठ मैल पश्चिमेला. तिथे देवमासे नाहीत असं कोणी म्हणत नाही. तिथे पाहायला गाव नाही, एवढंच.

शाळेच्या यादीतलं माझं नाव रद्द झालं. ते मला चालेल. पण हालवार्दला ब्रिजवरून काढलं, किनाऱ्यावर कचेरीत बसवलं. नोंदीवर सही त्याची होती ना. मी चौकशीत दहादा म्हटलं, त्याला ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, ठाऊक करून घेणं हेच त्याचं काम होतं. जाताना मी त्याची पेटी उचलायला गेले, त्याने घेऊ दिली नाही. म्हणाला, ‘ओशिल्ड, तू शब्द चुकलीस ते ठीक. मलाही तुझी बोली कळली नाही. पण तू हसलीस. मी तुझ्या हसण्यावर सही केली.’ त्याला मुलगी झाली. एवढं मला दुसऱ्याकडून कळलं.

खरं सांगितलं की हलकं वाटतं म्हणतात. कोणाला वाटतं कोण जाणे. मला आता टेहळणीवर ठेवत नाहीत. स्वयंपाकघरात बटाटे सोलते. तिथून समुद्र दिसत नाही. परवा बटाट्यांवर वाकून मी तो शब्द मोठ्याने म्हणून पाहत होते. खरा शब्द. आचारी म्हणाला, ‘कोणाला हाका मारतेस?’

गाव काय म्हणतं?

तुझी
ओशिल्ड

•

स्काटवीक, १० ऑक्टोबर

प्रिय ओशिल्ड,

गाव काय म्हणणार? मॅग्नहिल्ड आता कॉफी एकदाच ओतते, तीही अर्धा कप. तुझ्यावर नाही, माझ्यावर राग आहे. सभागृहात छाती फुगवून उभा राहिलो होतो ना. सही परत घ्यायला पुन्हा तिथेच उभा राहिलो आणि माझं पाठ केलेलं भाषण विसरलो. राग्नफ्रिडबाईंनी वहीत लिहिलं, ‘बसा, कळलं.’

हालवार्दला पत्र लिही. तो उत्तर देणार नाही. तरी लिही. आणि लेकीसाठी मोजे पाठव, सरळ विणलेले. मॅग्नहिल्ड विणून देईल. तिच्याशी मी बोलेन, अर्धा कप तर अर्धा कप.

काल वारा पडला होता. ज्या दिवशी सराव आपल्याकडे व्हायचा होता तो दिवस. मी बोट बाहेर काढली, तुला ते तिघे दिसले त्या पाण्यापर्यंत गेलो आणि इंजिन बंद केलं. बंद झालं हे मला हाताने चाचपून पाहावं लागतं. मग उभा राहिलो आणि नाव घेतलं. म्हातारा नाही, खरं नाव. माझ्या बापाने घेतलं नाही, आज्याने घेतलं नाही, आणि तू घेतलंस तर मी तुला मारलं. मी तीनदा घेतलं, तू घेतलं होतंस तसं. मला माझाच आवाज ऐकू आला नाही, पण घसा दुखला, म्हणजे मोठ्याने ओरडलो असेन.

नाव घेतलं की तो येतो, असं आपल्याकडे सांगतात. मी घड्याळ लावून तासभर पाणी पाहिलं, तुमच्या नियमाप्रमाणे. डोळे अजून चांगले आहेत माझे.

काही दिसलं नाही.

तुझा
एलर्टमामा